मागून येणाऱ्यांचा डबा

गाडीतला जवळजवळ प्रत्येक भाग गाडीत बसणाऱ्यासाठी काहीतरी करत असतो. ब्रेक तुम्हाला वाचवतो, एसी गार ठेवतो, शॉकअ‍ॅब्सॉर्बर कंबर सांभाळतो. हॉर्नसुद्धा तुमचीच वाट मोकळी करतो (ऐकणाऱ्याचं काय होतं ते सोडा). इंडिकेटर मागच्याला सांगतो खरं, पण तो मागचा आपल्यावर येऊन धडकू नये म्हणून. म्हणजे पुन्हा आपल्यासाठीच.

याला एक अपवाद आहे. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, सायलेन्सरच्या आधी, एक डबा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे त्याचं कागदावरचं नाव. गॅरेजात त्याला कॅटकॉन म्हणतात. त्याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही, पिकअप सुधारत नाही, आत बसलेल्याला तो आहे की नाही हेही कळत नाही. त्याचं सगळं काम गाडी पुढे निघून गेल्यावर मागे जे उरतं त्याच्याशी आहे. गाडीच्या किमतीतले काही हजार रुपये आपण ज्यांना कधी बघणार नाही अशा माणसांच्या छातीसाठी दिलेले असतात. अर्थात आपण स्वतःहून दिलेले नाहीत, कायद्याने घेतलेत. तरी दिलेत.

प्रश्न उभा राहतो तो हा डबा बिघडल्यावर.

लोणंदचं उदाहरण घेऊ. खंडाळा तालुक्यातलं हे गाव कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेलं, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं. शिरवळच्या कारखान्यांत कामाला जाणारे इथून रोज जातात, फलटण आणि साताऱ्याकडेही वाहतूक चालू असते. समजा इथल्या एका पोराने २०१४ सालची पेट्रोल गाडी पुण्यातून तिसऱ्या हाताने घेतली आहे आणि तो शिरवळला माणसं सोडतो. एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालते तशीच, आवाज तोच, पिकअप तोच. मेस्त्री स्कॅनर लावतो आणि कोड निघतो, पी०४२०.

"मेस्त्री, काय झालंय?"

"कॅटकॉन गेलाय म्हणतंय. नवा कंपनीचा घालायचा तर लई पैसं जातील भावा. गाडीला काय होत नाय त्याचं. मागच्या सेन्सरखाली एक नळकांडं घालतो, दिवा लागणारच नाय."

या बोलण्यात मेस्त्री एका शब्दानेही खोटं बोललेला नाही. 'गाडीला काय होत नाय' हे बऱ्याचदा अगदी खरं असतं. म्हणूनच हा प्रश्न मला भेसळीच्या किंवा लाचेच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. तिथे निदान कुणीतरी कुणालातरी फसवतंय हे दिसतं.

ते नळकांडं नेमकं काय करतं हे कळायला डब्यात काय चालतं ते थोडं पाहावं लागेल.

डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेला चिनीमातीसारखा ठोकळा असतो. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अत्यंत पातळ थर असतो; सगळे मिळून काही ग्रॅम. विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यातून जाताना त्यांचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन होतो. धातू खर्च होत नाहीत, ते फक्त घडवून आणतात. पश्चिम महाराष्ट्रात मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा आल्या, त्या याच काही ग्रॅमसाठी. डब्याची किंमत चोरांना आपल्याआधी कळली.

पण हे काम नीट व्हायला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण काटेकोर लागतं. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. ते सांभाळण्यासाठी डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन कमी उरला तर त्याचा दाब ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, जास्त उरला तर ०.१ पर्यंत उतरतो, आणि ते पाहून गाडीचा संगणक पेट्रोल कमीजास्त करत राहतो. (नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तो आकडे वेगळे दाखवतो.) असा सेन्सर बॉशने बनवला आणि १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत पहिल्यांदा लागला.

दुसरा सेन्सर डब्याच्या नंतर. डबा धडधाकट असेल तर तो जास्तीचा ऑक्सिजन साठवून ठेवतो, कमी पडला की सोडतो. त्यामुळे पुढचा सेन्सर सारखा वरखाली नाचत असला तरी मागचा ०.६-०.७ व्होल्टच्या जवळपास शांत बसलेला असतो. डबा थकला की साठवण्याची ताकद जाते आणि मागचाही पुढच्यासारखा नाचू लागतो. संगणक दोघांची तुलना करतो. एकदा पाहून गप्प बसतो, पुन्हा पाहतो, मग दिवा लावतो.

म्हणजे हा मागचा सेन्सर मुख्यतः साक्षीदार आहे. डबा मागून येणाऱ्यांसाठी काम करतोय की नाही एवढंच सांगण्यासाठी तो तिथे बसवलेला. नळकांडं घातलं की तो धुराच्या वाटेतून बोटभर बाहेर येतो आणि चढउतार त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. साक्षीदार जिवंत राहतो, त्याला फक्त ऐकू येईनासं होतं.

आता मेस्त्रीच्या पहिल्या वाक्याकडे परत जाऊ, 'कॅटकॉन गेलाय म्हणतंय'. कोड खरं तर असं म्हणत नाही. पी०४२०चा अर्थ इतकाच, की डब्याची कार्यक्षमता ठरवलेल्या उंबरठ्याच्या खाली दिसते आहे. दिसते आहे! ती का दिसते हे कोडला माहीत नसतं. मागच्या सेन्सरच्या आधी नळीच्या जोडाला फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. सेन्सर स्वतःच म्हातारा झालेला असू शकतो. आणि डबा खरोखर गेला असला तरी तो आपणहून क्वचितच मरतो. त्याला बहुतेकदा वरून कुणीतरी मारलेलं असतं. प्लग किंवा कॉइल खराब होऊन इंजिन मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन पेटतं आणि आतलं पोळं वितळतं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर हेच चालू आहे असं समजा, गाडी बाजूला घ्या. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस धातूंवर थर धरतो. कूलंट गळून आत येत असेल तर तेही तसंच करतं.

चांगला मेस्त्री म्हणूनच आधी थंड इंजिन चालू करून नळीला कुठे फुसफुस येते का ऐकतो. मग स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आलेख शेजारीशेजारी पाहतो, मिसफायरची नोंद पाहतो, इंधनाची दुरुस्ती संगणक किती टक्के करतोय ते पाहतो, ऑइल किती दिवसांत कमी होतं हे मालकाला विचारतो. मिश्रण मुद्दाम बदलून मागचा सेन्सर प्रतिसाद देतो का तपासतो. डब्यावर रबरी हातोडीने टकटक करून आत काही खुळखुळतं का ऐकतो. यात अर्धा दिवस जातो आणि अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं, कारण 'नुसतं बघितलं, केलं तर काहीच नाही'. आपल्याकडे सुटा भाग बदलण्याचे पैसे मिळतात, विचार करण्याचे मिळत नाहीत. त्यामुळे रांगेत शेवटी जो सापडतो त्याच्यावर खापर फुटतं. सेन्सर बदला, नाहीतर डबा बदला. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला नवा डबा घातला तर तोही त्याच वाटेने जाणार, हे बिल झाल्यावर कळतं.

हे फक्त गाड्यांपुरतं नसावं अशी शंका मला आहे, पण तो वेगळा लेख होईल.

आपल्या पोराकडे येऊ. समजा सगळं तपासून झालं आणि डबा खरोखरच गेला आहे. नळकांडं घालण्याच्या बाजूने तो तीन गोष्टी बोलू शकतो, आणि तिन्ही हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत.

पहिली म्हणजे दर्या में खसखस. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि तिचा पहिला मुक्काम लोणंदला असतो. त्या दिवसांत दिंड्यांचे ट्रक, टँकर, पोलिसांच्या गाड्या, जेवणाचं सामान वाहणारे टेम्पो, सगळे माणसांच्या पावलाने सरकत असतात आणि त्यांच्या धुरातून वारकरी चालत असतात. त्यात एका छोट्या पेट्रोल गाडीचा मेलेला डबा किती भर घालणार? कुणाही एका वारकऱ्याच्या छातीत त्याचा फरक मोजता येणार नाही.

वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग या अमेरिकन तत्त्वज्ञाने २००५ साली जवळपास हेच लिहिलं. रविवारी मजा म्हणून पेट्रोल पिणारी गाडी फिरवायला काढली तर हवामानबदलात माझ्या एकट्याने काही घडत नाही. तेव्हा ती न काढण्याचं बंधन माझ्यावर आहे असं सिद्ध करता येत नाही, जे करायचं ते सरकारांनी करावं. त्याच्याआधी, १९८४ मध्ये, डेरेक पारफिटने याच्या उलट बाजूची एक भयंकर गोष्ट रचली होती. हजार छळ करणारे आणि हजार कैदी. पूर्वी प्रत्येक जण एका कैद्याचं यंत्र हजार वेळा फिरवायचा आणि त्याला असह्य वेदना व्हायच्या. आता प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि हजारही यंत्रं एकेकदा फिरतात. कुठल्याच कैद्याला कुणा एकाच्या बटणाने वेदना वाढल्याचं जाणवत नाही. शेवटी वेदना तेवढीच. मग सगळे निर्दोष झाले का? पारफिट म्हणतो, आपला हिशोबच चुकतोय. मी एकट्याने काय केलं एवढंच विचारून भागत नाही, आपण मिळून काय करतोय तेही विचारावं लागतं.

मला पारफिटचं पटतं, पण पोराला ते ऐकवायला जीभ रेटत नाही. तो म्हणेल, मिळून करतोय तर खर्चही मिळून करा. ही त्याची दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत वजनदार. तो डबा त्याने झिजवलेला नाही. पुण्यातल्या पहिल्या मालकाने आणि मग दुसऱ्याने तो वापरला, मिसफायर झालं तेव्हा 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणून गाडी रेटली, ऑइल वेळेवर बदललं नाही, आणि डबा शेवटच्या घटका मोजत असताना गाडी विकून टाकली. बिल आलं लोणंदला. कायदाही ज्याच्या हाती ससा तो पारधी असंच म्हणतो: प्रदूषणाच्या नियमभंगाचा दंड २०१९च्या दुरुस्तीने दहा हजारांपर्यंत गेला, आणि तो ज्याच्या हातात स्टीअरिंग आहे त्याला.

यात एक जुना अन्यायही आहे. हा डबा भारतात पहिल्यांदा सक्तीचा झाला १ एप्रिल १९९५ला, आणि तोही दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना. पेट्रोलमधलं शिसं या धातूंना निकामी करतं, म्हणून डब्यासाठी शिसंविरहित पेट्रोल लागतं. १९५०च्या दशकात असा कन्व्हर्टर बनवणाऱ्या यूजीन हूड्रीचं यंत्र शिशामुळेच तेव्हा चाललं नव्हतं. ते पेट्रोल इथे देशभर यायला २००० साल उजाडलं. बीएस-४ची कहाणी तशीच. २०१० मध्ये तेरा शहरांत, त्यात पुणे आणि सोलापूर होती. सगळ्या देशात २०१७ मध्ये. लोणंदची छाती पुण्याच्या छातीपेक्षा सात वर्षं जास्त सोसेल असं कुणी फाइलवर लिहिलं नसणार. पण तसं झालं. आणि आता शहरात झिजलेल्या गाड्या तालुक्यात येतात, त्यांचे मेलेले डबे घेऊन.

तेव्हा त्याने आत्ताच्या आत्ता पदरमोड करून नवा डबा घालावा, असं मी म्हणणार नाही. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण ऐकलेली असते. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. सगळ्यांनी घरातलं सगळं दूध नेलं, मुलांना आणि वासरांना उपाशी ठेवून; गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी घरच्यांना आणि गोठ्याला दिलं, उरलेलं खुलभर नेलं आणि तो भरला. लहानपणी ही गोष्ट भक्तीची वाटते. नंतर तिच्यातला क्रम दिसतो. त्या पोराचा हप्ता आहे, घरी खाणारी माणसं आहेत. आधी ते. मग खुलभर: नळीची फट बुजवणं, प्लग बदलणं, ऑइल का जातंय ते बघणं. ही कामं काही शे-हजारांत होतात, आणि पुष्कळदा गाडीचा धूर त्यांनीच बराच सुधारतो.

पण नळकांडं हा खुलभर दुधाचा भाग नाही. डबा बदलायला पैसे नाहीत म्हणून पिवळा दिवा तसाच ठेवून गाडी चालवणं ही उधारी आहे. वाण्याच्या वहीत नाव आहे, रक्कम आहे, आज देता येत नाही. नळकांडं घालणं म्हणजे वहीतलं पान फाडणं. दोन्हींत मागच्याच्या नाकात जाणारा धूर अगदी तेवढाच, एका कणाचाही फरक नाही. तरीही मला या दोन गोष्टी एक वाटत नाहीत. परिणाम सारखे असले की कृत्यंही सारखीच, असं मानणाऱ्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल, की पहिल्या माणसाला त्याचं देणं दिवसातून चार वेळा समोर दिसतं, आणि हातात पैसे आले तर ते कुठे द्यायचे हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या गाडीत, आणि मग गाडी ज्याला विकली जाईल त्याच्याही गाडीत, देणं होतं हेच कुणाला ठाऊक राहत नाही.

फोक्सवॅगनने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. २०१५च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झालं, की त्यांच्या डिझेल गाड्यांतला संगणक चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागतो. जगभर सुमारे १.१ कोटी गाड्या. पुण्यातल्या एआरएआय या संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. त्या गाड्यांच्या मालकांनाही 'गाडीला काय होत नाय' हेच अनुभवाला येत होतं. लोणंदच्या पोराला मी या कंपनीच्या पंगतीत बसवत नाही; एकाकडे पर्याय नव्हते, दुसऱ्याकडे हजारो इंजिनिअर होते. पण ऐकू न येणारा साक्षीदार हा शोध दोघांचा एकच.

आता पोराची तिसरी गोष्ट. तिला मी मनापासून मानतो. दिवा कायम लागलेला असेल तर तो दिवा बहिरा होतो. उद्या मिसफायर सुरू झालं, आणखी एखादा सेन्सर गेला, तरी जळत्या दिव्यावर दुसरा दिवा लागत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे ठेवलेली उधारीच पुढच्या बिघाडाची सूचना गिळते. नळकांडं घालून दिवा मोकळा केला तर निदान बाकीच्यांना तरी तोंड उघडता येईल! पाच वर्षांपूर्वी मला यावर उत्तर सुचलं नसतं. आता तुमच्या खिशात आहे. काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि फोनवरच्या फुकट अ‍ॅपमध्ये महिन्यातून एकदा कोड वाचायचे. पी०४२० जुना आहे, माहीत आहे. त्याच्या शेजारी नवीन काही आलंय का एवढंच बघायचं. २०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीत हे सहसा चालतं.

याच अ‍ॅपमध्ये एक पान असतं, तिकडे फारसं कुणी जात नाही. कोड उडवला की संगणक स्वतःच्या तपासण्याही विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. डब्याची तपासणी पूर्ण व्हायला त्याला काही दिवसांचं, वेगवेगळ्या वेगांचं चालणं लागतं. तोवर त्या ओळीपुढे 'अपूर्ण' दिसतं. पीयूसी केंद्रावर फक्त उभ्या गाडीचा धूर पाहतात, तिथे हे पान उघडलं जात नाही. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तुम्ही उघडा. दिवा बंद आहे, कोड एकही नाही, आणि खाली डब्यापुढे 'अपूर्ण', सेन्सरपुढे 'अपूर्ण'. विकणाऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, "कालच बॅटरी बदलली, दादा." बॅटरी काढली तरी अगदी असंच दिसतं.